आयुष्य कारखान्याच्या वासात गेले, मुलीला रसायन तंत्रज्ञानाला पाठवू का?

वाचकाचे पत्र

रत्नागिरी जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या कारखान्यात मी २३ वर्षे ऑपरेटर म्हणून काम करीत आहे. माझी मुलगी यंदा बारावी झाली असून सीईटीमध्ये तिला चांगले पर्सेन्टाइल मिळाले आहेत. तिला माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत जायचे आहे. केमिकल इंजिनिअरिंगची जागा मिळणे कठीण दिसते, पण गेल्या वर्षीच्या याद्या पाहता रंजकद्रव्यांच्या किंवा तेलांच्या शाखेत तिचा नंबर लागेल असे वाटते. पुण्याजवळच्या एका खासगी महाविद्यालयात कॉम्प्युटर मिळू शकते आणि सगळे नातेवाईक तेच घ्या म्हणतात. माझी अडचण वेगळी आहे. माझे कामाचे कपडे घरात वेगळे धुतले जातात. दोन वर्षांपासून मला खोकला आहे, तो जात नाही. ज्या वासात मी आयुष्य काढले त्याच वासात मुलीने यावे असे मला वाटत नाही. शिवाय ही संस्था डीम्ड आहे, म्हणजे फी खासगीसारखी असणार का? एवढ्या एकाच विषयाची पदवी घेऊन पुढे काय करायचे? आम्ही इतर मागासवर्गात मोडतो आणि घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. पसंतीक्रम भरायला थोडेच दिवस उरले आहेत.
– एक वडील

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे नातेवाईक मुलीच्या पगाराचा विचार करीत आहेत आणि तुम्ही तिच्या श्वासाचा. मला तुमचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. फी, शाखा आणि पसंतीक्रम यांच्याकडे नंतर वळू.

मी शिकवण्याकडे वळण्यापूर्वी काही वर्षे कारखान्यात काढली. तेव्हाच्या एका रात्रपाळीत थंड पाण्याचा पंप बंद पडला आणि रिॲक्टरमधले, म्हणजे अभिक्रिया होते त्या बंद भांड्यातले, तापमान चढू लागले. पाळीवरच्या ऑपरेटरने कोणाची वाट न पाहता वरून येणारा फीड, म्हणजे कच्चा माल, बंद केला, ढवळणी चालू ठेवली आणि अग्निशमनाच्या लाइनचे पाणी जॅकेटला, म्हणजे भांड्याभोवतीच्या थंड पाण्याच्या आवरणाला, जोडून ती बॅच आवरली. तो प्रसंग निभावला तो त्या माणसाच्या हातामुळे. पण दुसऱ्या दिवशी आम्ही कागद काढून बसलो तेव्हा लक्षात आले की त्या रिॲक्टरला राखीव पंप कधी बसवलेलाच नव्हता, आणि पंप थांबला तर तापमान किती मिनिटांत धोक्याच्या रेषेपलीकडे जाईल याचा हिशेबही कोणी केलेला नव्हता. चूक त्या रात्री झाली नव्हती. ती काही वर्षांपूर्वी, कारखान्याचा आराखडा करणाऱ्यांच्या टेबलावर झाली होती आणि तिची किंमत मात्र रात्रपाळीचा माणूस मोजणार होता.

तुम्ही २३ वर्षे जे सोसले त्याचा मोठा भाग असाच दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर ठरलेला आहे. कोणती अभिक्रिया वापरायची, कोणत्या द्रावकात करायची, ड्रम रिॲक्टरच्या उघड्या मॅनहोलमधून ओतायचा की बंद नळीतून पंपाने चढवायचा, बाहेर पडणारे वायू धुऊन काढणारा स्क्रबर किती क्षमतेचा बसवायचा, हे सगळे तुम्ही कामावर रुजू होण्याच्या आधीच ठरून गेलेले असते. तुमची मुलगी ज्या शिक्षणाची निवड करू पाहते आहे ते तिला तुमच्या जागी उभे करणारे शिक्षण नाही. ज्या टेबलावर हे निर्णय होतात तेथे बसण्याची पात्रता देणारे ते शिक्षण आहे. तुमच्या भीतीला माझे खरे उत्तर एवढेच आहे. मात्र ते मोघम वाटू नये म्हणून दोन उदाहरणे सविस्तर देतो, कारण ती तुम्हाला माझ्याइतकीच परिचयाची असतील.

पहिले उदाहरण उष्णतेचे. प्रयोगशाळेत एक लिटरच्या चंबूत शांतपणे होणारी अभिक्रिया कारखान्यातल्या १,००० लिटरच्या रिॲक्टरमध्ये उग्र का होते, हे तुम्ही हाताने अनुभवले असेल. त्यामागचा हिशेब साधा आहे. आकारमान १,००० पट वाढले तर भांड्याचा पृष्ठभाग फक्त १०० पट वाढतो. उष्णता निर्माण होते ती आतल्या संपूर्ण मालात आणि बाहेर जाते ती केवळ भिंतीतून. म्हणजे प्रत्येक लिटर मालाच्या वाट्याला येणारी थंड भिंत चंबूच्या तुलनेत एकदशांश उरते. त्यात भर म्हणजे पुष्कळ अभिक्रियांचा वेग तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की जवळजवळ दुप्पट होतो, तर जॅकेटमधून निघून जाणारी उष्णता मात्र तापमानातील फरकाच्या प्रमाणातच वाढते. एका मर्यादेनंतर निर्माण होणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेला मागे टाकते आणि मग कोणताही ऑपरेटर, तो कितीही अनुभवी असला तरी, ती बॅच थांबवू शकत नाही. ती मर्यादा कोठे आहे हे आधी मोजणे, फीड किती सावकाश सोडायचा हे ठरवणे, वीज गेली तर काय होईल याचा विचार कागदावर करून ठेवणे, हे रसायन तंत्रज्ञाचे काम आहे. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरमध्ये मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले तेव्हा ती टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा आधीच बंद करून ठेवलेली होती. ती बंद ठेवण्याचा निर्णय टाकीजवळ काम करणाऱ्या कामगारांचा नव्हता.

दुसरे उदाहरण गाळाचे. रंग आणि औषधे यांच्या कारखान्यांत नायट्रो संयुगापासून अमाइन तयार करण्याची जुनी रीत म्हणजे लोखंडाचा चुरा आणि आम्ल. यात निघणाऱ्या काळ्या आयर्न स्लजचे ढीग तुम्ही पाहिलेच असतील. नायट्रोबेन्झिनपासून ॲनिलिन करताना समीकरणाच्या हिशेबाने १ किलो ॲनिलिनमागे सुमारे १.९ किलो कोरडा लोह ऑक्साइड निघतो. ओला गाळ त्याहून कितीतरी जड असतो. म्हणजे तो कारखाना मालापेक्षा गाळच अधिक तयार करीत असतो. तीच अभिक्रिया हायड्रोजन आणि उत्प्रेरक वापरून केली, तर १ किलो ॲनिलिनमागे सुमारे ०.४ किलो पाणी निघते आणि दुसरे काही नाही. मग सगळेच कारखाने असे का करीत नाहीत? कारण दाबाखालचा हायड्रोजन हाताळायला वेगळे भांडे लागते, उत्प्रेरक गाळून परत वापरता आला पाहिजे, रेणूतला एखादा क्लोरीनचा अणू हायड्रोजनने तोडून टाकला तर मालच बिघडतो, आणि हे सगळे जुळवून आणणारा जाणकार माणूस जवळ असावा लागतो. जर्मनीत तर गेल्या शतकातच त्या लोखंडाच्या गाळापासून रंगासाठी लागणारे लोह ऑक्साइडचे उत्तम रंगद्रव्य करण्याची रीत बसवली गेली. गाळ तोच, पण त्याच्याकडे पाहणाऱ्याचे शिक्षण वेगळे होते. तुमच्या वसाहतीतल्या खाडीचे पाणी ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, शेवटच्या टाकीत सुधारण्यापेक्षा पहिल्या रिॲक्टरमध्ये सुधारणे सोपे असते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो आहे.

आता ज्या संस्थेविषयी तुम्ही विचारले आहे तिच्याकडे येतो. तुमच्या कारखान्यातले जुने मॅनेजर एखाद्याविषयी आदराने ‘तो यूडीसीटीचा’ असे म्हणताना तुम्ही ऐकले असेल. तीच ही संस्था. मुंबईतल्या कापडगिरण्या ऐन भरात असताना, १ ऑक्टोबर १९३३ रोजी, मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, म्हणजेच यूडीसीटी, म्हणून ती सुरू झाली आणि तिचे आरंभीचे विषय होते वस्त्ररसायन आणि केमिकल इंजिनिअरिंग. गिरण्यांना लागणारे रंग तेव्हा परदेशातून येत. ते येथे बनवता यावेत, निदान नीट पारखता आणि वापरता यावेत, अशी माणसे घडवण्याची ती गरज होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, विभाग माटुंग्याच्या जागेत आला आणि आजही तेथेच आहे. २००८ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, अर्थात आयसीटी, स्वतःच्या नावाने पदवी देऊ लागली.

तुम्हाला ज्या ‘डीम्ड’ शब्दाची धास्ती वाटते तो याच दर्जाचा आहे. डीम्ड म्हणजे खासगी, असा समज आपल्याकडे रुजला आहे, कारण त्या नावाच्या अनेक संस्था खासगी आहेत. ही मात्र राज्य शासनाच्या अनुदानावर चालणारी सार्वजनिक संस्था आहे. अभ्यासक्रम आणि परीक्षा ती स्वतः ठरवते, पण महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांचे पदवी प्रवेश राज्याच्या सीईटीवर आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच होतात; व्यवस्थापन कोट्याच्या जागेसाठी पिशवी घेऊन जाण्याचा प्रकार येथे नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गातील ज्या मुलींचे कौटुंबिक उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत आहे आणि ज्यांना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो, त्यांच्यासाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या पूर्ण रकमेचा लाभ जाहीर केलेला आहे. संस्थेच्या शिष्यवृत्ती कक्षाकडून या योजनेच्या अटी आणि मुलीची पात्रता प्रवेशापूर्वीच लेखी समजून घ्या आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज मुदतीत भरा. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास हे कागद आजच एका फाइलीत लावा. चांगले गुण मिळवलेल्या मुलींचे प्रवेश वैधता प्रमाणपत्रावरून अडलेले मी पाहिले आहेत, आणि त्याइतके मनाला लागणारे दुसरे काही नाही.

आता एकाच विषयाच्या पदवीचा प्रश्न. या संस्थेत केमिकल इंजिनिअरिंगची स्वतंत्र पदवी आहे, बी.फार्म. आहे, आणि त्यांच्या जोडीला बी.टेक.च्या शाखा आहेत : रंजकद्रव्ये, तंतू व वस्त्रप्रक्रिया, तेले व पृष्ठक्रियाकारके म्हणजे सर्फॅक्टंट, औषधी रसायने, बहुवारिके म्हणजे पॉलिमर, पृष्ठलेपन म्हणजे पेंट आणि कोटिंग, आणि अन्न अभियांत्रिकी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की केमिकल इंजिनिअरिंग हे खरे आणि बाकीच्या शाखा म्हणजे उरलेल्या जागा. मला हे मत चुकीचे वाटते. या शाखांत केमिकल इंजिनिअरिंगचा पाया शिकवला जातोच. त्यावर एका उद्योगाचे रसायन सखोल शिकवले जाते.

रंजकद्रव्यांचेच उदाहरण घ्या, कारण तुमच्या मुलीचा नंबर तेथे लागण्याची शक्यता तुम्ही सांगितली आहे. ॲझो रंग तयार करताना अमाइनवर सोडियम नायट्राइट आणि आम्ल यांची क्रिया करतात आणि ती ० ते ५ अंश तापमानात ठेवावी लागते, म्हणून रंगाच्या कारखान्यात टाकीत बर्फ लोटतात. तो बर्फ का, तापमान वाढले तर या क्रियेत तयार होणाऱ्या डायझोनियम संयुगाचे काय होते, जोडणी आम्लात करायची की अल्कलीत, हे शिकलेली मुलगी केवळ रंगापुरती उरत नाही. रंगाआधीची जी मधली संयुगे असतात, ज्यांना आपण इंटरमीडिएट म्हणतो, तीच अनेकदा औषधांच्या आणि कीटकनाशकांच्याही वाटेवर असतात. नायट्रेशन, सल्फोनेशन, हायड्रोजनेशन या तिन्ही उद्योगांच्या सामाईक पायऱ्या आहेत. आणखी एक गोष्ट तुमच्या काळजीशी थेट जोडलेली आहे. बेन्झिडिनपासून केलेले रंग एकेकाळी सर्रास वापरात होते. बेन्झिडिनमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो हे कामगारांच्या आजारांतूनच उघड झाले आणि १९९० च्या दशकात भारतातही अशा रंगांवर बंदी आली. त्या जागी निर्धोक रंग कोणते आणावेत हे रंगाचे रसायन जाणणाऱ्यांनाच शोधावे लागले. कामगाराचे शरीर वाचवणारे हे काम ज्या विषयात होते, त्याला अरुंद विषय म्हणणे मला पटत नाही.

तेलांच्या शाखेविषयी थोडक्यात सांगतो. नाव जुने वाटले तरी साबण, डिटर्जंट, सौंदर्यप्रसाधने आणि खाद्यतेल यांचे सगळे उद्योग त्यात येतात. दोन्हींत निवड करायची असेल तर मुलीला विचारा की तिला रेणूची रचना बदलण्यात गोडी वाटते की वस्तूचे गुणधर्म जमवण्यात. पहिले असेल तर रंजकद्रव्ये, दुसरे असेल तर तेले किंवा पृष्ठलेपन.

या विभागाची घडण ज्या माणसांनी केली त्यांच्याकडे पाहिले तरी शाखांची ही प्रतवारी किती वरवरची आहे ते कळते. १९३८ पासून जवळजवळ दोन दशके विभागाची धुरा सांभाळणारे प्रा. के. वेंकटरामन हे रंजकद्रव्यांचेच रसायनशास्त्रज्ञ होते आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. प्रा. मनमोहन शर्मा याच विभागाचे विद्यार्थी. केंब्रिजहून परत येऊन ते १९६४ मध्ये, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, येथे प्राध्यापक झाले आणि १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेले. त्यांचा विषय होता वायू आणि द्रव एकमेकांना भेटतात तेथे अभिक्रिया किती वेगाने होते हा, म्हणजे तुमच्या स्क्रबरमध्ये जे घडते किंवा घडत नाही तोच. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी पदवी आणि पीएच.डी. दोन्ही येथेच घेतल्या. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेल्या त्या मुलाला आईने मुंबईत कष्टाने वाढवले होते. औषध उद्योग उभा करणारे डॉ. अंजी रेड्डी हे आंध्रातल्या हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे पुत्र आणि येथलेच विद्यार्थी. ही नावे मोठ्या पदांसाठी सांगत नाही. ऑपरेटरच्या मुलीला त्या आवारात परके वाटण्याचे कारण नाही, एवढे तुमच्या मनात बसावे म्हणून सांगतो.

याची दुसरी बाजू लपवणे तुमच्यावर अन्याय करणारे होईल. संगणक क्षेत्रात चांगल्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी मिळणारा पगार रसायन उद्योगातल्या सुरुवातीच्या पगारापेक्षा बहुधा अधिक असतो आणि तो शहरात बसून मिळतो. रसायनांचे कारखाने वसाहतींत असतात. उत्पादन विभागात काम घेतले तर पाळ्या, हेल्मेट आणि वास यांपासून सुटका नसते. स्त्रियांना रात्रपाळीत ठेवण्यावर कारखाना कायद्याने पूर्वी बंदी होती. आता सुरक्षिततेच्या अटींवर परवानगी आहे, पण काही कारखाने अजूनही मुलींना प्लांटवर घ्यायला कचरतात आणि त्यांना प्रयोगशाळेत किंवा गुणवत्ता विभागात बसवतात. मला ते पटत नाही, पण तसे घडते. संशोधन, प्रक्रिया आराखडा, सुरक्षा, पेटंट, अध्यापन अशा वाटा आहेत, आणि त्यांपैकी कित्येकींसाठी पदवीनंतर एम.टेक. किंवा पीएच.डी. करावी लागते; म्हणजे मुलगी कमावती होण्यास उशीर होऊ शकतो. घरातला कर्ता खोकल्याने त्रस्त असताना हा उशीर परवडेल का, याचा विचार तुम्ही दोघांनी स्पष्टपणे बोलून करावा. त्यात संकोच नको.

नातेवाईकांच्या सल्ल्यात मात्र एक त्रुटी आहे. ते कॉम्प्युटर या शब्दाची तुलना केमिकल या शब्दाशी करीत आहेत. तुलना करायची ती एका विशिष्ट महाविद्यालयातल्या चार वर्षांची दुसऱ्या विशिष्ट संस्थेतल्या चार वर्षांशी. पुण्याजवळच्या त्या महाविद्यालयात शिकवणारे कायमस्वरूपी प्राध्यापक किती आहेत, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या हातून काय काम झाले आहे, गेल्या वर्षी किती जणांना खरोखर नोकरीची पत्रे मिळाली आणि किती जणांची नावे केवळ फलकावर झळकली, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. माटुंग्यालाही जा. एखाद्या विभागाच्या प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहून विद्यार्थ्यांना विचारा. विद्यार्थी सहसा खरे सांगतात. खेड किंवा चिपळूणहून दादरपर्यंत कोकण रेल्वेने आलात की माटुंगा तेथून पुढचेच स्टेशन आहे, त्यामुळे एका दिवसात हे काम उरकते. वसतिगृहाची चौकशीही त्याच फेरीत करून टाका, कारण मुंबईत खोली घेऊन राहण्याचा खर्च फीपेक्षाही जड जाऊ शकतो.

मुलीची आवड खरी आहे का, हेही पारखून घ्या. बारावीचे रसायनशास्त्र आवडते म्हणून रसायन तंत्रज्ञान आवडेलच असे नाही. येथे पहिल्या दोन वर्षांत गणित भरपूर आहे. नळीतून द्रव कसा वाहतो, भिंतीतून उष्णता कशी जाते, द्रवातून वाफ कशी वेगळी होते, यांची गणिते रात्र रात्र बसून सोडवावी लागतात आणि प्रयोगशाळेत दुपारच्या दुपार उभे राहावे लागते. यासाठी मी एक उपाय सुचवतो आणि तो केवळ तुम्हीच करू शकता. एका संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि तुम्ही चालवता त्या एखाद्या बॅचची पहिल्या चार्जपासून शेवटच्या सेंट्रीफ्यूजपर्यंतची हकिकत सांगा : काय आधी टाकतात, काय थेंबाथेंबाने सोडतात, तापमान कोठे थांबवतात, लॉगशीटमध्ये दर अर्ध्या तासाला काय लिहितात, वास कोणत्या टप्प्याला येतो. मालाचे नाव सांगू नका, कंपनीची गुपिते सांभाळा, पण क्रम सांगा. ती ऐकून गप्प बसली तर विचार करा. तिने ‘मग ते आधी का नाही टाकत?’ किंवा ‘तो वास येतो तेथे झाकण का नाही?’ असे विचारायला सुरुवात केली, तर तुमच्या निर्णयाला दुसऱ्या कोणाच्या शिफारशीची गरज उरणार नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीच आम्ही शिक्षक आयुष्यभर वाट पाहतो, आणि बहुतेक मुलांनी रिॲक्टर पहिल्यांदा पाहिलेला असतो तो तिसऱ्या वर्षाच्या प्रशिक्षणात. तुमची मुलगी मात्र त्याच्याविषयी ऐकत वाढलेली आहे.

पसंतीक्रम भरताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, पर्यायांचा क्रम मिळण्याच्या शक्यतेवरून लावू नका, मनापासून हव्या असलेल्या क्रमाने लावा. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती स्वीकारावीच लागते, म्हणून नातेवाईकांच्या समाधानासाठी कॉम्प्युटर वर ठेवून नंतर बदलू असा विचार करू नका. मिळेल न मिळेल, केमिकल इंजिनिअरिंग वर ठेवायला हरकत नाही. वरचा पर्याय हुकला म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क जात नाही. दुसरी, आयसीटीचे माटुंग्याशिवाय जालना आणि भुवनेश्वर येथेही परिसर आहेत आणि तेथील एकात्मिक एम.टेक.चा अभ्यासक्रम ५ वर्षांचा आहे. तोही चांगला पर्याय होऊ शकतो, परंतु आपण कोणत्या परिसरासाठी आणि किती वर्षांसाठी अर्ज करीत आहोत हे मुलीने स्वतः वाचून, कळून घेतले पाहिजे. सायबर कॅफेतल्या माणसाकडून अर्ज भरून घेऊ नका.

माझे मत विचारलेत तर, त्या संध्याकाळच्या बोलण्यात मुलीने प्रश्न विचारले तर माटुंग्याची रंजकद्रव्यांची जागा मी पुण्याजवळच्या कॉम्प्युटरच्या जागेवर ठेवेन. अंतिम निर्णय तिचा असावा आणि तो तुमच्या भीतीखाली दबून किंवा तुमच्या भीतीविरुद्ध बंड म्हणून घेतलेला नसावा.

शेवटी तुमच्या खोकल्याविषयी. पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकला आहे आणि त्याच ओळीने मला सर्वांत अस्वस्थ केले. दोन वर्षे टिकलेला खोकला अंगवळणी पडला म्हणून साधा ठरत नाही. कामगार राज्य विम्याच्या रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात छातीच्या डॉक्टरांकडे जा, फुप्फुसांची क्षमता मोजणारी फुंकर मारण्याची चाचणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्या, आणि तुम्ही कोणकोणती रसायने किती वर्षे हाताळली त्याची यादी लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. ती यादी नसेल तर हा खोकला कामाशी जोडून पाहण्याचे त्यांना सुचणारच नाही. घातक प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगारांची वर्षातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी करणे आणि त्या नोंदी कामगाराला पाहू देणे ही जबाबदारी भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती करून मालकांवर टाकण्यात आली. तुमच्या नोंदी मागा. त्या मागताना मुलीला बरोबर बसवून अर्ज तिच्याकडून लिहून घ्या आणि रसायनांची यादीही तिलाच करू द्या.